मी असं म्हणालो नाही

पहिल्या भेटीत त्याने तिला पंखा बंद करायला सांगितलं. प्रेमकथेची सुरुवात म्हणून हे वाक्य फारसं बरं नाही. पण त्या दोघांच्या सगळ्या ओळखीत निदान हे एक वाक्य निखालस खरं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात केलेली बरी.

झालं होतं असं, की तिच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि शुद्धीवर आले तेव्हा भाषाही गेली होती. सगळी नाही. ज्या भाषेत त्यांनी नोकरी केली, संसार केला, लेकीला रागावले, ती गेली. आणि भिंतीचा पोपडा निघाल्यावर खालचा जुना रंग दिसावा तशी लहानपणची भाषा वर आली. नदीपलीकडची. मिसरूड फुटायच्या वयात गाव सोडलं तेव्हा ती भाषाही तिथेच ठेवून आलो, असं ते सांगत. प्रत्यक्षात ती निमूटपणे मागोमाग आली होती आणि इतकी वर्षं कोपऱ्यात बसून आपल्या पाळीची वाट पाहत होती. घरात ती कोणालाच येत नव्हती. आई हयात असती तर तिलाही आली नसती.

डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. एक भाषा बुडते, दुसरी तरंगते. आपलं बोलणं त्यांना कळतं का, असं तिने विचारलं. "कळत असेल. नसेलही," डॉक्टर म्हणाले. शिवाय अशा पेशंटचा हो आणि नाहीचा घोळ होतो, मान हलवली तरी तिच्यावर विसंबू नका, असं सांगून त्यांनी शेजारच्या खाटेकडे मोर्चा वळवला.

तर बाबा खाटेवर ओरडत होते, नर्स "बरळतायत" म्हणून चादर नीट करत होती, आणि ती स्वेटर उलटा घालून खाटेच्या कडेला उभी होती.

"बरळत नाहीयेत," दारातून आवाज आला. "पंखा बंद करा म्हणतायत. डोक्याला गार वारं लागतंय."

पंखा बंद झाला. बाबा गप्प झाले. ती वळली. दारात एक माणूस ओली छत्री अंगापासून लांब धरून उभा होता, जणू ती छत्री दुसऱ्या कोणाची होती आणि त्याला नाइलाजाने धरावी लागत होती. तो कोर्टातला दुभाष्या. शेजारच्या वॉर्डात एका पेशंटसाठी त्याला बोलावलं होतं. पेशंट आदल्या दिवशीच घरी गेला होता, आणि हे त्याला कळवायचं काम ज्याचं होतं तो रजेवर होता.

"आणखी काय म्हणतायत?" तिने विचारलं.

बाबा बरंच काही म्हणाले. दुभाष्याने ऐकून घेतलं. मग त्याने तिच्याकडे पाहिलं... रडून सुजलेले डोळे, उलटा स्वेटर, मानेपाशी बाहेर आलेली कंपनीची पट्टी.

"विचारतायत," तो म्हणाला, "तू जेवलीस का."

तिच्या बाबांनी तिला जेवलीस का असं जन्मात विचारलं नव्हतं. ती खाटेशेजारच्या स्टुलावर बसली आणि पुन्हा रडायला लागली. दुभाष्याने रुमाल पुढे केला. धुतलेला, घडीचा. अशा वेळी घडीचा रुमाल काढणाऱ्या माणसापासून सावध राहावं, असं तिची मावशी नेहमी म्हणायची. पण मावशी तेव्हा खाली कॅन्टीनमध्ये होती.

बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण आणि पोकळ केलेली वजनं शोधण्यात त्यांची हयात गेली. दुकानदार म्हणत, या माणसाला पाव तोळ्याची लबाडी रस्त्यापलीकडून दिसते. हीच सवय घरात. कौतुक करायचं तर तेही तोलून. लेक वर्गात पहिली आली तेव्हा ते "बरं" म्हणाले. तिला नोकरी लागली तेव्हा "बरं आहे" म्हणाले. त्यातला तो वरचा 'आहे' तिने कित्येक वर्षं जपून ठेवला होता.

नोकरी श्रवणयंत्रांच्या दुकानात होती. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, आणि बारीक होत जाणारे आवाज सोडत सांगायचं, ऐकू आलं की बटण दाबा. दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासून ती घरी यायची, आणि घरात बाबा बोलत असायचे आणि तिला काही कळत नसायचं. म्हणून दुभाष्या घरी यायला लागला. आधी ठरवून, मग न ठरवता.

पहिल्याच संध्याकाळी त्याने आपल्या धंद्याचा नियम सांगितला. "'ते म्हणतात' असं आम्ही म्हणत नाही. समोरचा 'मी' म्हणाला की आम्हीही 'मी'च म्हणायचं. कोर्टात रोज मी चोऱ्या कबूल करतो."

"किती?"

"आज दोन. आणि दुपारनंतर एक घटस्फोट."

"म्हणजे तुमचं लग्न झालंय?"

"आतापर्यंत बऱ्याच वेळा मोडलंय," तो म्हणाला. "झालेलं एकदाही नाही."

ती हसली. झटक्यानंतर त्या घरात कोणी हसल्याचा तो पहिला आवाज. आतून बाबा काहीतरी पुटपुटले. दुभाष्या म्हणाला, "मला तुझं हसणं आवडतं."

ती गोरीमोरी झाली. नियम नुकताच सांगून झाला होता; म्हणजे हा 'मी' बाबांचा. तरी कान गरम व्हायचे ते झालेच.

मग रोज संध्याकाळी हे चालायचं. बाबा खिडकीशी खुर्चीत, दुभाष्या त्यांच्या शेजारी, ती समोर. बाहेर रस्त्यावर दिवे लागायचे, काचेवर बारीक पाऊस टकटक करायचा. बाबा रागीट, तुटक वाक्यं बोलायचे आणि दुभाष्या मऊ आवाजात, तिच्या डोळ्यांत बघून, ती तिच्यापर्यंत पोचवायचा. "खिडकीत बसलो की गर्दीतही तुझी चाल आधी ओळखू येते." "तू घरात आलीस की दिवा लावल्यासारखं वाटतं." एकदा बाबांनी सूपचा चमचा भिंतीवर भिरकावला. "सूप फार छान झालंय," दुभाष्या म्हणाला, आणि डाव्या हाताला अजून सवय नाही, अशी पुस्ती जोडली. तिने भिंत पुसली. पुसताना ती गुणगुणत होती.

मावशीचं मत पडलं, की भाऊजी आजारी पडले आणि माणसात आले. "आधीच पडले असते तर ताईचे दिवस तरी बरे गेले असते," ती म्हणाली. मावशीचा स्वभाव असा, की तिच्या सहानुभूतीपेक्षा तिचं भांडण परवडावं.

बाबांच्या बोलण्यात एक वाक्य फार यायचं. ते बोलायचे, दुभाष्या तिला सांगायचा, आणि मग बाबा ते वाक्य म्हणायचे. जवळजवळ प्रत्येक वेळी. तिचा कान धंद्यातला, त्यामुळे शब्द कळले नाहीत तरी आवाज पाठ झाला: दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी दार ओढून घेतल्यासारखा घशातला एक ठोका. एकदा तिने विचारलंच, हे काय म्हणतात?

दुभाष्या छत्रीशी खेळत होता. "ते... आशीर्वादासारखं असतं. मोठी माणसं म्हणतात. सुखी राहा, वगैरे."

एवढे आशीर्वाद! तिला भरून आलं. ते वाक्य ती स्वतः म्हणायला शिकली, आरशासमोर, घशातल्या ठोक्यासकट. सकाळी दुकानात जायच्या आधी बाबांच्या डोक्यावर हात ठेवून ती ते म्हणायची. बाबा तिच्याकडे बघत राहायचे आणि मग तोंड भिंतीकडे फिरवायचे. माणूस किती हळवा झालाय, तिला वाटायचं.

आणि एका संध्याकाळी जिन्यात, वरचा दिवा गेलेला, खालचा मिणमिणता, दुभाष्या निघताना दोन पायऱ्या खाली उतरून थांबला तेव्हा त्याचा चेहरा बरोबर तिच्या चेहऱ्यासमोर आला. कोणी पुढाकार घेतला यावर नंतर दोघांचं कधी एकमत झालं नाही. त्याच्या कोटाला कोर्टातल्या जुन्या लाकडाचा वास होता. तिने त्याच्या कानाशी तेच वाक्य म्हटलं. दोन आखूड, एक लांब, ठोका.

"हे... नको म्हणूस," तो म्हणाला.

"का? माझे उच्चार वाईट आहेत?"

"उच्चार फार चांगले आहेत."

"मग शिकव ना आणखी. मलाही बोलू दे बाबांशी."

"तू शिकलीस तर मला कोण विचारणार?" तो म्हणाला आणि हसला. प्रेमात पडलेल्या बाईला हे उत्तर लाडिक वाटतं. तिलाही वाटलं.

पण हट्ट सुटला नाही. लग्नाचं बोलायचं ठरलं तेव्हा तिच्या मनात आलं, की त्या दिवशी बाबांना त्यांच्याच भाषेत चार शब्द सांगावेत. दोघेही चकित होतील. दुकानात दोन्ही कानांना यंत्रं लावणाऱ्या एक आजी यायच्या. नदीपलीकडच्या. तिने त्यांना विचारलं. आजींना एवढा आनंद झाला की त्या दर आठवड्याला यंत्र बिघडवून आणू लागल्या. धडे काचेच्या खोलीत, दार लावून. कारण आजी शिकवायच्या त्या बाजारात भाव केल्यासारख्या, आणि तरी शब्द दुकानाच्या पायरीपर्यंत जायचे. मीठ, पाणी, वजन, मुलगी, ये, जा, बोलाव. खरं, खोटं. ती भराभर शिकत गेली. बाबांच्या बोलण्यातले एकेक शब्द आता धुक्यातून माणसं यावीत तसे ओळखू यायला लागले होते. मात्र दुभाष्याच्या वाक्यांशी त्यांचा मेळ बसत नव्हता. बाबा 'मीठ' म्हणाले की दुभाष्या 'चांदणं' म्हणायचा. आपलंच ज्ञान कच्चं, असं ती धरून चालली. शिकणाऱ्याचा नम्रपणा हाही एक प्रकारचा बहिरेपणाच.

बोलणी व्हायची होती त्याच्या आदल्या दिवशी तिने आजींना मोठ्या कौतुकाने सांगितलं, की मला एक आशीर्वादही येतो. आणि म्हणून दाखवला.

आजींनी यंत्राचं बटण फिरवलं. "पुन्हा म्हण."

तिने पुन्हा म्हटलं.

"हा आशीर्वाद तुला कोणी दिला गं?" आजी ओरडल्या. "हे कोर्टात म्हणतात. 'मी असं म्हणालो नाही.' कोणी आपल्या तोंडी भलतंच घातलं की म्हणायचं... मी असं म्हणालो नाही. पण तू बाई, तू 'म्हणाले नाही' म्हणायला हवंस."

काचेबाहेर एक गिऱ्हाईक वळून बघत होतं. ती आजींचं यंत्र पुसत राहिली. बराच वेळ, एकच बाजू.

दुसऱ्या दिवशी बोलणी झाली. मावशी ठेवणीतली साडी नेसून मध्यस्थ म्हणून बसली होती. खरी मजा अशी होती, की मुलीला मागणी घालणाराही दुभाष्या आणि मुलीच्या बापाचा होकार सांगणाराही दुभाष्याच. एवढी सोय फार थोड्या जावयांना मिळते. तो बाबांपुढे वाकला, त्यांच्या भाषेत बोलला. आवाज थरथरत होता; तेवढं तरी खरं असावं.

बाबा बोलायला लागले. ती डोळे मिटून ऐकत होती, काचेच्या खोलीत माणसं ऐकतात तशी. सगळं कळलं नाही. 'मुलगी' कळलं. 'वजन' कळलं. 'खोटं' दोनदा आलं.

दुभाष्याने घसा साफ केला. "मला फार आनंद झाला," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "माझ्या मुलीला जपणारा माणूस मिळाला. आता मी डोळे मिटायला मोकळा."

मावशीने डोळ्याला पदर लावला. आणि बाबा, दमलेले, बहुधा सवयीनेच, म्हणाले... दोन आखूड, एक लांब, ठोका.

"सुखी राहा म्हणतायत," दुभाष्या म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "ते म्हणतायत, मी असं म्हणालो नाही."

बाबांनी मान तिच्याकडे वळवली. त्यांना सगळं कळत होतं. पहिल्या दिवसापासून, दोन्ही बाजूंचं, शब्दन्‌शब्द. कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. मान हलवली तर तिच्यावर कोणी विसंबायचं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापातलं पाप पकडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत, रोज संध्याकाळी, त्याच्याच नावाने खोटं माप घातलं जात होतं. आणि सकाळी लेक डोक्यावर हात ठेवून त्याचाच आक्रोश त्याला ऐकवून कामाला जात होती.

जिन्यात तीच पायरी होती. ती या वेळी वरच थांबली.

"कधीपासून?"

"पंखा खरा होता," तो म्हणाला.

"जेवलीस का?"

"ते म्हणाले, ही रडतेय कशाला, मी काय मेलोय?"

तिला हसू आलं, आणि मग त्या हसण्याचा राग आला. ते वाक्य बाबांचंच होतं. त्यांची विडी, त्यांचा घाम, त्यांचे जुने बूट, सगळ्याचा वास होता त्याला. त्या दिवशी ते मिळालं असतं तर ती न रडता घरी गेली असती.

"दिवसभर कोर्टात शिव्या जशाच्या तशा सांगतो," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघून ते तसं सांगवलं नाही. एकदा बदललं की मग... तू किती वाट बघत बसायचीस. आणि ती वाक्यं अगदीच खोटी नव्हती. चाल ओळखू येते, दिवा लावल्यासारखं वाटतं... ते मीच म्हणत होतो. माझ्या नावाने म्हणायची हिंमत होत नव्हती."

कबुली म्हणून याहून चांगलं वाक्य कुठल्या बाईला मिळत नाही. तिला एका दमात प्रियकर मिळाला आणि बाप गेला. ही अदलाबदल मात्र कोणी तिला विचारून केली नव्हती.

"त्यांचं एक तरी होतं का?" तिने विचारलं. "माझ्याबद्दल. बरं म्हणावं असं. एक."

"होतं," तो लगेच म्हणाला. "एक होतं."

"कुठलं?"

"...आठवत नाही. आम्ही लक्षात ठेवत नाही गं. मागचं डोक्यात राहिलं तर पुढचं ऐकू येत नाही. पण होतं. शपथ."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काचेच्या खोलीत काही माणसं आवाज न येताही बटण दाबतात. फसवायला नव्हे. समोरच्या बाईला वाईट वाटू नये म्हणून.

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला.

"हे कोण म्हणतंय?"

"मी."

"असं तुम्ही नेहमीच म्हणता," ती म्हणाली. त्या 'तुम्ही'ने तो दोन पायऱ्या खाली गेला, कोणी न ढकलता. तिने धुऊन इस्त्री केलेला रुमाल त्याच्या हातात दिला. घडी पहिल्यासारखीच जमली होती.

मावशीने पुढे कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला. एवढा गुणी मुलगा, आणि काय तर म्हणे भाषांतर चुकलं.

आता संध्याकाळी ती आणि बाबा, दोघंच. तिचे तोकडे शब्द आणि त्यांची तुटक वाक्यं. "मीठ जास्त," बाबा म्हणतात. "उद्या कमी," ती म्हणते. "काल पण असंच म्हणालीस." गोड असं त्यात काही नाही, पण माप बरोबर. आजी म्हणतात, उच्चार सुधारतायत.

परवा पाऊस होता. बाबा खिडकीतून खालच्या छत्र्या बघत बसले होते. बऱ्याच वेळाने ते बोलले. तिला कळावं म्हणून मुद्दाम सावकाश, एकेक शब्द पारड्यात ठेवल्यासारखा.

"तो येत नाही आता."

ती भांडी आवरत राहिली.

"खोटारडा आहे," बाबा म्हणाले. "पण बोलायचा. दिवसभरात एक माणूस माझ्याशी नीट बोलायचा." थोडं थांबून ते म्हणाले, "बोलाव त्याला."

एकही शब्द अनोळखी नव्हता. 'बोलाव' तर पहिल्या-दुसऱ्या धड्यातला. त्या वाक्यात किती एकटेपण होतं, कोणाचं, आणि ते आपल्याला का ऐकवत नाही, हेही तिला कळलं. तिने हात पुसले, वळली, आणि त्यांच्याच भाषेत, अगदी शुद्ध उच्चारात म्हणाली, "समजलं नाही."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. पारड्याखाली बोट घालून मेण चाचपल्यावर ते दुकानदाराकडे बघत, तसं. रागाने नव्हे, फक्त नोंद घेतल्यासारखं.

मग ते खिडकीकडे वळले.

"बरं," ते म्हणाले.

तिच्या भाषेत. झटक्यानंतर त्या भाषेतला परत आलेला हा पहिला शब्द. 'आहे' मागून येतंय का, म्हणून ती फडकं हातात धरून थांबली.

आलं नाही.